सदतीस कोंब

"मॅडम, एक हाथ का एक्स-रे है… और साथ में एक पेड़ है."

रिसेप्शनवरच्या मीनाने दारातून मान आत घालून हे सांगितलं, तेव्हा देवश्री आधीच्या पेशंटच्या बरगड्या संगणकावर नीट लावत होती. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या त्या एक्स-रे सेंटरमध्ये चार वर्षं काढल्यावर तिला फारसं कशाचं आश्चर्य वाटत नसे. तिने वळून पाहिलं. दारात एक उंच, घामाने निथळणारा तरुण उभा होता. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं, आणि डाव्या काखेत ओल्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड. चादर भैरवगढच्या छापाची, रंग कच्चा. निळं पाणी त्याच्या शर्टावरून, पँटवरून ओघळत सेंटरच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पोचलं होतं.

"ते बाहेर ठेवा," देवश्री म्हणाली.

"बाहेर ऊन आहे."

"मग?"

"मुळं सुकतील न…"

मार्चच्या सकाळी अकराला माणूस स्वतःचा मोडका हात सोडून मुळांची काळजी करतो, हे मात्र तिला नवीन होतं. तिने चादर उलगडून पाहिली. मनगटापेक्षा चौपट जाड, वाकडंतिकडं, विटांचा चुना अजून अंगाला चिकटलेलं वडाचं खोड. मुळं ओबडधोबड तोडलेली. पान एकही नाही.

"किती वेळ झाला काढून?"

"पाऊण तास. भिंतीतून निघतच नव्हतं. शेवटी सब्बल सटकली, ही एवढी लोखंडी पहार, आणि हा हात—"

"तुमचा हात थांबेल," ती म्हणाली. "हे नाही थांबणार." आणि तिने मीनाला ओला टॉवेल आणि मोठी पिशवी आणायला पिटाळलं.

झाडाची व्यवस्था लागल्यावर माणसाचा नंबर आला. तिने त्याचा हात प्लेटवर ठेवला, बोटं सरळ केली. बोटांना मेणाचा वास होता. ती काचेमागे गेली आणि सवयीने म्हणाली, "श्वास रोखा."

त्याने रोखला. मग त्याच अवघडलेल्या आवाजात विचारलं, "हाताच्या फोटोलासुद्धा?"

मनगटाच्या फोटोला श्वास रोखायची काही गरज नसते, हे देवश्रीला चांगलं ठाऊक होतं. चार वर्षांत ती असं कधी चुकली नव्हती. तिने बटण दाबलं आणि अगदी कोरड्या आवाजात "सोडा" म्हणून टाकलं.

हाड शाबूत होतं, नुसती मुरगळ होती. त्याचं नाव आल्हाद. भैरवगढच्या एका मेणाच्या बाटिक छपाईवाल्याकडे तो चादरी-साड्यांचे फोटो काढून ऑनलाइन विकायचं काम बघत असे. आईवडील बावीस वर्षांपूर्वी वाईहून इथे आले, वडिलांच्या बँकेच्या नोकरीमुळे. तेव्हापासून ज्या भाड्याच्या घरात ते राहिले, त्याचा अख्खा मजला आता रस्ता रुंद करताना जाणार होता.

"आणि हा वड?"

"खिडकीशेजारच्या भिंतीत उगवलेला. आईचे गुडघे दुखतात, तिला खाली उतरून वडाला जाणं जमायचं नाही. मग ती दर वटपौर्णिमेला ह्याचीच पूजा करायची. बाबा म्हणतात, मला जिवंत ठेवायचं काम ह्या झाडाने बावीस वर्षं एकट्याने केलंय, त्याला असं मलब्यात सोडून कसं यायचं." तो थांबला. "नवीन फ्लॅट नानाखेड्याला घेतलाय. पण मला झाडातलं काही कळत नाही. जगेल का?"

देवश्रीने त्याच्या निळ्या झालेल्या शर्टाकडे पाहिलं. "मी पण नानाखेड्यालाच राहते," ती म्हणाली. "माझ्या गच्चीवर अडुसष्ट झाडं आहेत. हे एकोणसत्तरावं."

देवश्रीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिचं घराणं शिंदे सरकारच्या दप्तरात लिहिणाऱ्यांचं. आठ पिढ्या उज्जैनमध्ये, आणि मराठीत हिंदी किती आणि हिंदीत मराठी किती, हे त्यांनी कधीच मोजायचं सोडून दिलेलं. वय अठ्ठावीस. आजवर अकरा मुलं तिला बघून गेली होती आणि अकराही तिने नाकारली होती. नकाराला तिला पंधरा मिनिटांवर वेळ लागत नसे. पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत तिचा निर्णय झालेला असे.

"अगं, कुणाला जरा टाइम तरी देत जा!" तिची आई, अहल्याताई, कपाळाला हात लावून म्हणत.

"आई, एक्स-रेला किती टाइम लागतो? अंदर काय आहे ते दिसतं लगेच."

तीच देवश्री झाडांच्या बाबतीत मात्र इतकी सबुरीची, की बघणाऱ्याला जांभई यावी. बोन्सायचा नाद तिला कॉलेजपासूनचा. गावाला जाणारे लोक आपली झाडं तिच्याकडे सोडून जात, आजारी झाडंही येत. आल्हादचा वड तिने विटांची भुकटी आणि वाळू भरलेल्या एका लाकडी खोक्यात लावला, वरून पारदर्शक पिशवी ओढली आणि हिरव्या जाळीखालच्या सावलीत ठेवला. खोक्यात आईस्क्रीमची काडी खोचली. काडीवर तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं — 'हात लावू नये. पुढच्या वर्षीपर्यंत.'

आल्हाद दर रविवारी सकाळी येऊ लागला. आधी झाड बघायला. मग चहालाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खोडावर पहिला लालसर ठिपका दिसला. महिन्याभरात खोड वरपासून खालपर्यंत कोंबांनी भरून गेलं. जिथे जागा दिसली तिथे उगवले, एकेका ठिकाणी पाच-पाच.

"सदतीस," आल्हादने एका रविवारी जाहीर केलं.

"मोजलेत?"

"दुसरं काम काय आहे मला इथे?" तो हसला. मग शेजारच्या कुंडीकडे बोट दाखवून म्हणाला, "पण तिकडच्या वडाचे कोंब तुम्ही मघाशी नखाने खुडून टाकलेत. माझ्याच झाडाला ही दाढी का?"

"त्या गमल्यातलं झाड जुनं आहे. मी फक्त त्याच्या फांद्या छाटल्या. मुळं सगळी जागच्या जागी आहेत, मतलब ताकद भरपूर. तिथे एका जागी पाच कोंब ठेवले तर ती जागा सुजते, गाठ येते. म्हणून कोंब नखाएवढे झाले की दोन ठेवायचे, बाकीचे काढायचे. तिथे उशीर केला तर चूक."

"आणि इथे?"

"इथे घाई केली तर चूक. ह्याला अपन भिंतीतून ओढून काढलंय. मुळं तोडलेली. आता जे पान येईल ते मुळांना जेवू घालणार. चांगला कोंब कुठला, वाईट कुठला, ते आज नाही ठरवायचं. सगळे वाढू द्यायचे, हातभर होऊ द्यायचे, आणि पुढच्या वर्षी झाड बराबर उभं राहिलं की मग निवड."

"म्हणजे ज्याचं घर सुटलंय, त्याला लगेच नापास नाही करायचं."

"झाडाबद्दल बोलते आहे मी."

"मी पण." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "अहल्याकाकू सांगत होत्या, माणसांना पंधरा मिनिटं मिळतात म्हणून."

"आईला दुसरं काम नाही!"

"माझी कधी संपली?"

देवश्रीने झारी उचलली. झारीत पाणी नव्हतं, तरी ती दोन कुंड्यांवर रिकामीच फिरवली. "मार्चमध्ये," ती पाठमोरी म्हणाली.

"…आणि?"

"आणि काय? तुम्हाला कुणी निघा म्हटलं का?"

त्या दिवसापासून दोघांतलं 'तुम्ही' कधी गळून गेलं, ते दोघांनाही कळलं नाही. मे महिन्यात तो तिच्यासाठी नापास झालेले कापडाचे तुकडे आणायचा, रंग फिसकटलेले. ती त्यांत आजारी झाडांची मुळं गुंडाळायची. बारीक बोलणी, लांबलेला चहा, जाळीतून गळणारं हिरवट ऊन… तिला हे सगळं आवडत होतं. आवडतंय हे तिने स्वतःशी कबूलही केलं होतं. फक्त बोलायचं राहिलं होतं.

जूनमध्ये आल्हाद म्हणाला, "आई वटपौर्णिमेला इथे यायचं म्हणतेय. चालेल?"

"चालेल न. त्यात काय विचारायचं?"

चालेल म्हणून झालं, आणि देवश्रीची झोप उडाली. मुलाकडच्यांसमोर ती आजवर कधी घाबरली नव्हती. अकरा वेळा तिने साध्या कुर्त्यात, केसांची वेणीही न सोडता पोहे दिले होते. आता मात्र तिने गच्ची दोनदा धुतली. कुंड्या ओळीने लावल्या. आल्हादची आई, वासंतीकाकू, शाळेत मराठी शिकवायच्या, वाईच्या, भाषा स्वच्छ. आपण त्यांच्यासमोर 'गमला' म्हणायचं नाही, असंही तिने ठरवून टाकलं.

आणि पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ती वडासमोर बसली. सदतीस कोंब, बोट-बोट लांब, चारी बाजूंनी फुटलेले. ह्याला सूत कसं गुंडाळणार? सात फेरे खोडाभोवती घ्यायचे तर दोरा कोंबांत अडकणार, पानं मोडणार, काकूंना दहादा वाकावं लागणार. बावीस वर्षांची पूजा, आणि नेमकी आपल्या गच्चीवर विस्कटणार. शिवाय झाड दिसायलाही कसं, झिंज्या पिंजारलेलं. वर चार फांद्या ठेवल्या आणि खालचं खोड मोकळं केलं, तर कसं सुबक दिसेल…

काडीवरची अक्षरं समोरच होती. तिने ती काडी उपटून बाजूला ठेवली. मग अंगठ्याच्या नखाने एकेक कोंब काढत गेली. पांढरा चीक बोटांना लागत होता. पाव तासात तेहेतीस कोंब फरशीवर पडले होते.

दुसऱ्या दिवशी आल्हादने दाराशी सोडल्यावर वासंतीकाकू एकट्याच वर आल्या. कठड्याला धरत, एकेक पायरी चढत. नऊवारी नाही, साधी सुती साडी, हातात आंब्यांची पिशवी. वडाला पाहून त्यांचे डोळे भरले. "किती छान ठेवलंयस गं," त्या म्हणाल्या, आणि देवश्रीचा जीव भांड्यात पडला. हळदकुंकू झालं, आंबा ठेवून झाला. मग काकूंनी सुताची गुंडी काढली, इकडेतिकडे पाहिलं, आणि खोक्यामागे जाळीचा जो लोखंडी खांब होता त्याला शांतपणे सूत गुंडाळायला सुरुवात केली.

"काकू… खोडाला नाही गुंडाळायचं?"

"अगं, बावीस वर्षं खिडकीच्या गजालाच गुंडाळत आले मी. भिंतीतल्या झाडापर्यंत हात कुठे पोचायचा माझा?" काकू हसल्या. "त्याच्याकडे बघत फेरे मोजायचे, झालं. आणि हे तर बिचारं आजारातून उठतंय. त्याला कशाला दोऱ्याने बांधायचं?"

काकू सात फेरे होईपर्यंत मनात मोजत होत्या, आणि देवश्री तेहेतीस मोजत होती.

रविवारी आल्हाद आला, आणि बघताक्षणी म्हणाला, "हे काय? बाकीचे कुठे गेले?"

खरं बोलायला एवढा एकच क्षण होता. देवश्रीने तो घालवला. "अळी पडली," ती म्हणाली.

जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला ते नीट बोलताही येत नाही. पण आल्हादने विश्वास ठेवला, आणि हेच फार वाईट झालं. तो पुढचे चार रविवार अळी शोधत बसला. मोबाईलचा टॉर्च लावून प्रत्येक पानाची खालची बाजू बघायचा. कुठूनतरी कडुनिंबाचं तेल घेऊन आला, पाण्यात कालवून फवारलं. अडुसष्ट कुंड्या तपासल्या. "एक पण सापडत नाही यार," तो वैतागून म्हणायचा. "इतकं खाऊन गेली, आणि बाकी कुठल्याच झाडाला तोंड लावलं नाही?"

देवश्री चहा गाळत राहायची.

वड मात्र दिवसेंदिवस उतरत गेला. पानं चार फांद्यांपुरतीच उरली होती. आतलं पाणी ओढायला कुणी नाही आणि वरून जुलैचा पाऊस चालू. नव्याने फुटलेली कोवळी मुळं ओलीत कुजायला लागली. पानं पिवळी पडली, गळाली. ऑगस्ट लागता लागता खोडावर दोनच पानं राहिली, तीही लोंबणारी. देवश्रीने खोकं जिन्यावरच्या पत्र्याखाली हलवलं, ओली माती खरवडून कोरडी भुकटी भरली. जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. फक्त बोलली नाही.

एका रविवारी पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आल्हाद गुडघ्यांवर बसून पुन्हा टॉर्च फिरवत होता. त्याच्या पाठीवर शर्ट ओला होऊन चिकटला होता. तिला ते बघवेना.

"आल्हाद, उठ. अळी नव्हती."

"मग?"

"मी होते."

त्याने टॉर्च बंद केला. तिने सगळं सांगितलं. सात फेरे, मोकळं खोड, नखाने काढलेले तेहेतीस कोंब… मध्ये एकदाही थांबली नाही. "मला माहीत होतं. काडीवर मीच लिहिलं होतं. तरी केलं. तुझ्या आईला आवडावं म्हणून."

आल्हाद उभा राहिला. "चार रविवार मी अळ्या शोधतोय, देवश्री," तो म्हणाला. "तू बघत होतीस." आणि पावसातच जिना उतरून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अहल्याताईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मात्र लेकीचा चेहरा बघून गप्प राहिल्या. देवश्री रोज सकाळी पत्र्याखाली जाई, खोडाला नखाने किंचित खरवडून बघे. साल अजून आतून हिरवी होती, म्हणून ती थांबून होती. नकार देणं सोपं असतं. दिलेला नकार बाराव्याकडून आपल्यालाच मिळतो की काय, ह्याची वाट पाहणं फार कठीण गेलं तिला.

गणपती उठले. सप्टेंबरच्या एका मंगळवारी मीनाने दारातून मान आत घातली. "मॅडम, घुटने का एक्स-रे है. साथ में… वो पेड़ वाले भैया हैं."

वासंतीकाकू व्हीलचेअरवर होत्या. खुर्ची ढकलणाऱ्या आल्हादने वर पाहिलं नाही. देवश्रीने काकूंना टेबलावर निजवलं, गुडघा सरळ केला, उशी लावली. काकू तिचा हात धरून हळूच म्हणाल्या, "मला सांगितलंय त्याने. झाडाचं." बाकी काही नाही. देवश्री काचेकडे वळली. "श्वास रोखा, काकू."

बटणापर्यंत हात गेला, तेवढ्यात दारातून आल्हाद म्हणाला, "एक विचारायचं राहिलं होतं."

ती दारापाशी गेली. "विचार."

"मी चिडलो होतो. खोटं बोललीस म्हणून. अजूनही थोडा आहे." तो फरशीकडे बघत होता. तिथे मार्चमधला निळा डाग अजून पुरता गेला नव्हता. "पण घरी बसून विचार केला… जी मुलगी अकरा जणांच्या आयांना पोहे देऊन वाटेला लावते, तिला माझ्याच आईला आवडायची एवढी काय पडली होती? स्वतःचा नियम मोडण्याइतकी?"

देवश्रीने अंगठ्याचं नख मुठीत दडवलं.

"मी पण श्वास रोखू का?" त्याने विचारलं. आवाज चेष्टेचा होता, पण चेहरा अजिबात नव्हता.

"नको… फार वेळ नाही लागणार," ती म्हणाली. "तू आवडतोस मला. म्हणून. मार्चपासून. तेव्हाच सांगायचं होतं, ते सांगितलं नाही, आणि भलत्याच जागी घाई केली. सॉरी, आल्हाद. एकदम मनापासून."

त्याने तिचा हात हातात घेतला, अंगठ्याकडून, जिथे नख होतं. "झाड गेलं का?"

"आज सकाळी एक कोंब दिसला. खालून, मातीजवळ. एकदम चुकीच्या जागी आहे. तिथे फांदी शोभणारच नाही."

"मग? काढायचा?"

"हात लावायचा नाही," देवश्री म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. "पुढच्या वर्षीपर्यंत."

"देवश्री!" आतून गुदमरलेला आवाज आला. "अगं, मी अजून श्वास धरूनच आहे. सोडू का?"

देवश्री धावत आत गेली. "सोडा, काकू, सोडा! गुडघ्याला नाही लागत. मी चुकून बोलले."

वासंतीकाकूंनी मोठा सुस्कारा टाकला आणि उशीवर मान टेकली. "सगळं ऐकलं मी," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "आमच्या नव्या घराच्या खिडकीचा गज चांगला लांब आहे. दोघींचं सूत मावेल. काढ आता फोटो."

देवश्रीने डोळे पुसले, काचेमागे जाऊन बटण दाबलं. फोटो थोडा हलला होता. दुसरा काढावा लागला.